फटफटीवरचा सहप्रवास

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत फटफटीवर लेख कशाला, असा प्रश्न पुष्कळ भगिनींच्या मनात येईल. आजवर या स्मरणिकेत जात्यावरच्या ओव्या आल्या, सणावारांची माहिती आली, भिशीचा हिशेबही आला. परंतु यंत्राच्या वाहनाला मानाचे पान कधी मिळाले नव्हते. यंदा तसे कारण घडले आहे. येत्या पाडव्याला मंडळातर्फे भगिनींची दुचाकी फेरी काढावी, अशी सूचना तरुण सभासदांनी कार्यकारिणीपुढे मांडली आणि तिच्यावर दोन बैठकांत बरीच भवति न भवति झाली. ज्येष्ठ भगिनींचे म्हणणे असे की, नऊवारी नेसून रस्त्याने फटफट करीत हिंडणे हा सण नव्हे, ते प्रदर्शन होय. तरुणींचे म्हणणे असे की, ज्या रस्त्याने रोज धावतपळत कामाला जावयाचे, त्याच रस्त्याने वर्षातून एक दिवस मैत्रिणींसह आनंदाने गेले तर बिघडले कोठे? निर्णय पुढच्या बैठकीवर गेला आणि मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला असल्यामुळे, या विषयाचा काही इतिहास असेल तर तो सर्वांपुढे ठेवण्याचे काम माझ्याकडे आले.

इतिहास आहे, आणि तो शंभर वर्षांहून जुना आहे. तो वाचताना माझ्या असे ध्यानात आले की, बैठकीत आपण ज्या मुद्द्यावर भांडलो तो खरा मुद्दाच नव्हे. बायकांनी फटफटी चालवावी की नाही, या प्रश्नाचा निकाल केव्हाच लागला आहे. पुष्कळ जणी मिळून निघाल्या म्हणजे त्या सगळ्या सुखरूप परत कशा येतील, हा प्रश्न मात्र जिवंत आहे.

प्रथम एका मायलेकींची गोष्ट सांगते. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एफी हॉचकिस नावाची तरुणी राहत असे. ती पेढीत कारकुनी करी. १९१५ च्या मे महिन्यात तिने आपल्या हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकलला सायडकार, म्हणजे शेजारी बसण्याची एकचाकी गाडी जोडली, तीत आपली आई एव्हिस हिला बसविले आणि दोघी पूर्व किनाऱ्यावरून पश्चिम किनाऱ्यावरच्या सॅन फ्रान्सिस्कोकडे निघाल्या. तेथे त्या वर्षी पनामा कालव्याच्या पूर्ततेनिमित्त मोठे प्रदर्शन भरले होते. आई अंगाने चांगली भारदस्त होती. मधला रस्ता म्हणजे बहुतेक ठिकाणी चिखल, वाळू, नाही तर गाडीवाट. आईला भीती वाटत नाही का, असे वर्तमानपत्रवाल्यांनी विचारले असता तिने जे सांगितले त्याचा आशय असा की, मुलगी जपून हाकते आणि आपल्या हत्यारांनी स्वतः दुरुस्ती करते, मग मी कशाला भिऊ?

वाटेत न्यू मेक्सिको प्रांतात चाकात घालावयाच्या रबरी नळ्या संपल्या. जवळपास दुकान नाही, माथ्यावर ऊन. तेव्हा त्यांनी अंगावर घ्यावयाचे कांबळे कापले, त्याच्या पट्ट्या नळीऐवजी सायडकारच्या टायरमध्ये कोंबल्या आणि पुढचे गाव गाठले. फाटक्या लुगड्याची गोधडी करणाऱ्या आपल्या बायकांना यात नवल वाटणार नाही. परंतु भर वाळवंटात ते सुचणे आणि लगेच करणे यालाच मी प्रवासाची अक्कल म्हणते. ऑगस्टमध्ये त्या पॅसिफिक महासागरावर पोहोचल्या. निघताना बरणीत भरून घेतलेले अटलांटिकचे पाणी त्यांनी त्या सागरात ओतले. आपल्याकडे काशीची गंगा रामेश्वराला नेऊन वाहतात, त्याची आठवण व्हावी असा हा प्रसंग! ऑक्टोबरमध्ये मायलेकी घरी परतल्या तेव्हा जाऊन-येऊन सुमारे नऊ हजार मैलांचा, म्हणजे साडेचौदा हजार किलोमीटरांचा प्रवास झाला होता. मोटारसायकलवरून अमेरिका खंड ओलांडणाऱ्या त्या पहिल्या स्त्रिया होत.

पुढच्याच वर्षी दोघी बहिणी निघाल्या. थोरली ऑगस्टा आणि धाकटी ॲडेलिन व्हॅन ब्युरेन. या दोघींची वाहने स्वतंत्र होती. दोघींजवळ एक-एक इंडियन पॉवरप्लस जातीची, हजार सी. सी. ची मोटारसायकल. त्या वेळी युरोपात पहिले महायुद्ध चालू होते आणि अमेरिकाही त्यात ओढली जाणार, अशी चिन्हे होती. सैन्यात निरोप पोहोचविण्याचे काम मोटारसायकलस्वार करीत. ते काम स्त्रिया करू शकतील, म्हणजे तितके पुरुष लढण्यास मोकळे होतील, हे सिद्ध करणे हा त्यांचा हेतू. अमेरिकेत सर्व राज्यांतील स्त्रियांना मताचा हक्क १९२० साली मिळाला, हे लक्षात घेतले म्हणजे १९१६ सालच्या या धाडसामागची तळमळ कळते. देशाच्या संकटात आम्हालाही हात लावू द्या, असे त्या चाकांनी सांगत होत्या.

जुलैच्या आरंभी त्या ब्रुकलिनहून निघाल्या. पश्चिमेकडील लहान गावांत पोलिसांनी त्यांना एकदा नव्हे, अनेकदा अडकविले. गुन्हा काय? तर पुरुषी पोशाख! चामड्याचा कोट आणि विजार न घातल्यास पडल्यावर कातडे सोलवटून निघेल, हे त्या पोलिसांना कोणी सांगावे? ऑगस्टमध्ये दोघी कोलोरॅडोतील पाइक्स पीक या शिखरावर मोटारसायकलनिशी चढल्या. या शिखराची उंची चौदा हजार फुटांवर आहे. आपल्या कळसूबाईच्या अडीचपट म्हणावयास हरकत नाही. यांत्रिक वाहन स्वतः चालवीत तेथवर पोहोचलेल्या त्या पहिल्या स्त्रिया. पुढे सॉल्ट लेक सिटीच्या पश्चिमेस वाळवंटात वाट चुकली आणि जवळचे पाणी संपले. खनिजांच्या शोधात हिंडणारा एक मनुष्य घोडागाडी घेऊन देवासारखा भेटला. त्याच्या पाण्याने त्यांचे प्राण वाचले. ८ सप्टेंबरला त्या लॉस एंजलिसला पोहोचल्या. सुमारे दोन महिने आणि साडेपाच हजार मैल!

एवढे करून मिळाले काय? ॲडेलिनने सैन्यात निरोप्याच्या कामासाठी अर्ज केला. तो नाकारण्यात आला. वर्तमानपत्रांतून गाडीची वाखाणणी झाली, बाईंची नाही. डेन्व्हरच्या एका वर्तमानपत्राने तर, घरकाम टाळण्यासाठी आणि पोशाख मिरविण्यासाठी हे सोंग काढले, अशा अर्थाची टीका केली. आपल्या बैठकीत निघालेला ‘प्रदर्शन’ हा शब्द असा शंभर वर्षांचा जुना आहे. परंतु त्या बहिणी रडत बसल्या नाहीत. ॲडेलिन कायदा शिकली. ऑगस्टा विमान चालवावयास शिकली. अमेरिकेच्या मोटारसायकलस्वारांनी २००२ साली आपल्या मानकऱ्यांच्या यादीत दोघींची नावे घेतली. तेव्हा दोघीही हयात नव्हत्या.

या दोन्ही प्रवासांत एक गोष्ट समान आहे. प्रवासी दोघीच होत्या आणि त्या रक्ताच्या होत्या. मायलेकीत किंवा बहिणीबहिणीत एक थांबली की दुसरी आपोआप थांबते. त्यासाठी नियम लागत नाही. नियम लागतो तो तिसरी, दहावी, पन्नासावी आल्यावर. सहप्रवासाचे शास्त्र खरे येथे सुरू होते.

ते शास्त्र बसविण्याचा मान ‘मोटार मेड्स’ या स्त्री-मंडळाकडे जातो. ऱ्होड आयलंड राज्यातील लिंडा ड्युगो या बाईंना वाटे की, आपल्यासारख्या मोटारसायकल चालविणाऱ्या आणखी स्त्रिया देशात असल्याच पाहिजेत. त्यांनी गाड्या विकणाऱ्या दुकानदारांना व ओळखीच्या स्वारांना पत्रे लिहिण्याचा सपाटा लावला. पत्रांवर पत्रे जाऊन १९४० साली ५१ जणींची नावे जमली आणि १९४१ साली तेथील मोटारसायकलस्वारांच्या राष्ट्रीय संघटनेने त्यांना मान्यता दिली. पोस्टकार्डे लिहून मंडळ उभे करणे म्हणजे काय, हे आपल्या संस्थापक भगिनींना सांगावयास नको! पहिल्या अध्यक्षा डॉट रॉबिन्सन. यांचा जन्म ऑस्ट्रेलियातला, वडील सायडकार बनविणारे. त्या पंचवीस वर्षे अध्यक्ष होत्या. हे मंडळ अजून चालू आहे.

त्यांच्या दोन रीती मला फार आवडल्या. पहिली अशी की, सभासद होणारीची मोटारसायकल स्वतःची किंवा घरची असली पाहिजे आणि ती तिने स्वतः चालविली पाहिजे. नुसती वर्गणी देऊन नाव मिरवावयाचे नाही. दुसरी रीत गणवेशाची. निळा आणि करडा पोशाख आणि हातांत पांढरे शुभ्र मोजे. त्या मिरवणुकीत निघाल्या की लोक त्यांना पांढऱ्या हातमोज्यांच्या बायका म्हणत. फटफटी चालविणारी बाई म्हणजे दांडगट, असा त्या काळी समज होता. त्याला त्यांनी वाद न घालता उत्तर दिले. शिवाय पांढरा हात लांबून दिसतो. मिरवणुकीत मागच्यांना हातानेच इशारा करावयाचा असतो.

आता या शास्त्राची कलमे सांगते. अमेरिकेत १९७३ साली मोटारसायकल सुरक्षेसाठी एक प्रतिष्ठान निघाले. त्याने शिकविलेले नियम आता जगभर पाळले जातात. ते आपल्या रस्त्यांना लावून पाहू.

शेजारी शेजारी, जोडीने गाडी चालवू नये. खड्डा आला तर बाजूला व्हावयास जागा राहत नाही. पहिलीने आपल्या मार्गिकेत किंचित उजवीकडे असावे, दुसरीने किंचित डावीकडे, तिसरीने पुन्हा उजवीकडे. रांगोळीच्या ठिपक्यांप्रमाणे एकाआड एक. तिरपी पुढे असणारी आणि आपण यांत एका सेकंदाचे अंतर असावे, आणि नाकासमोर असणारी व आपण यांत दोन सेकंदांचे. ताशी तीस किलोमीटर वेगाने दोन सेकंदांत गाडी सोळा-सतरा मीटर जाते, एवढे ध्यानात ठेवले की पुरे. वळणावर व अरुंद गल्लीत सर्वांनी एकामागून एक व्हावे.

यातूनच पुढचा हिशेब निघतो. वीस गाड्या अशा रीतीने निघाल्या तर त्यांची ओळ सुमारे दीडशे मीटर लांब होते. एवढी ओळ एका सिग्नलमधून एकदम पार होणे कठीण. मग निम्म्या अलीकडे अडकतात आणि तुटलेले शेपूट पुढच्यांना गाठण्यासाठी वेडीवाकडी धावू लागते. म्हणून पाच ते सात गाड्यांचे गट करावे, प्रत्येक गटाला म्होरकी वेगळी आणि पाठराखीण वेगळी. वळणावर वाट चुकण्याचा संभव असेल तेथे म्होरकीने एकीला उभे करावे. शेवटची पाठराखीण दिसेपर्यंत तिने तेथून हलू नये.

सर्वांत महत्त्वाचे कलम नवशिकीचे. आपली समजूत अशी की, जिला नीट येत नाही तिने मागे राहावे, म्हणजे कोणाच्या मध्ये यावयाची नाही. हे अगदी उलट आहे. म्होरकीने वेग थोडा वाढविला की दुसरीला ते क्षणभराने कळते, तिसरीला आणखी क्षणभराने. प्रत्येकीचा उशीर मागचीच्या माथी पडतो आणि शेवटचीला अंतर भरून काढण्यासाठी सर्वांहून जोरात जावे लागते. म्हणजे जिचा हात कच्चा, तिलाच आपण सर्वांत वेगाने पळवितो! म्हणून नवशिकीला म्होरकीच्या लगेच पाठीमागे ठेवावे आणि तिला झेपेल तोच सर्वांचा वेग मानावा. सर्वांत शेवटी सर्वांत अनुभवी बाई हवी, जिला दुरुस्ती येते आणि जिच्याजवळ औषधांची पेटी आहे. आणि मधल्या प्रत्येकीने अधूनमधून आरशात पाहावे. मागची दिसेनाशी झाली की आपण वेग कमी करावा. मग पुढची तिच्या आरशात पाहून वेग कमी करील, आणि न ओरडता हा निरोप म्होरकीपर्यंत पोहोचेल.

यात आपल्याला परके असे काय आहे? पंढरीच्या वारीत रथापुढच्या व रथामागच्या दिंड्यांचे क्रमांक ठरलेले असतात. कोणी कोणाला ओलांडून जात नाही. दिंडीत विणेकऱ्याची जागा ठरलेली, तुळशीवृंदावन घेतलेल्या माउलीची जागा ठरलेली. चोपदाराने दंड उंचावला की हजारो माणसे गप्प होतात. लाखो लोक पायी चालतात ते या शिस्तीच्या बळावर.

आपल्या बाजूचा इतिहासही थोडा सांगितला पाहिजे. १९७२ साली पुण्याच्या कायनेटिक कारखान्याची लुना रस्त्यावर आली आणि मध्यमवर्गीय बाईला स्वतःचे चाक मिळाले. मीही लुनावरूनच शाळेत जात असे. चढ आला की पायडल मारावे लागे, पण बसच्या रांगेतून सुटका झाली होती. घरी कोणाला विचारावे लागत नसे, ‘मला सोडता का?’ या एका वाक्यातून सुटका होणे म्हणजे काय, हे माझ्या पिढीच्या बायकांनाच ठाऊक. २०११ साली पुण्यातच उर्वशी पाटोळे व फिरदौस शेख यांनी ‘बायकर्नी’ हा मोटारसायकलस्वार स्त्रियांचा संघ काढला. गिरगाव, डोंबिवली, ठाणे, नागपूर येथील पाडव्याच्या शोभायात्रांत नऊवारी नेसून, नथ घालून, बुलेटवर बसलेल्या भगिनींची छायाचित्रे तर आता दरसाल वर्तमानपत्रांत येतात.

परंतु छायाचित्र नेहमी पुढच्यांचे निघते. काही वर्षांपूर्वी अशाच एका फेरीत आमच्या ओळखीची एक बाई सर्वांत मागे होती. नवी स्कूटर, पंधरा दिवसांचा सराव. पुढच्या गेल्या म्हणून तिने वेग वाढविला, चौकातल्या वाळूवर चाक घसरले आणि ती पडली. मनगट मोडले. डोक्याला फेटा होता. नशिबाने डोके पदपथाच्या कडेवर आपटले नाही, चार बोटे अलीकडे टेकले. एका भाजीवाल्याने तिला उचलले. पुढच्या देवळात पोहोचून, आरती होऊन, पन्हे पिऊन झाले तरी एक कमी आहे हे कोणाच्या लक्षात आले नव्हते, कारण निघताना कोणी मोजलेच नव्हते. हात तीन महिन्यांत बरा झाला. पण ती बाई पुन्हा कोणत्याही मंडळात आली नाही. हाड मोडले म्हणून नव्हे, हे सांगावयास नकोच.

तेव्हा फेरी काढावी की नाही, यावर माझे मत विचाराल तर मी म्हणेन, काढावी. पण काही गोष्टी आधी ठरवून काढावी. फेट्याचा आग्रह सोडावा. मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमानुसार चालविणारी व मागे बसणारी, दोघींनाही हेल्मेट सक्तीचे आहे. पगडी घालणाऱ्या शीख बांधवांना त्यात सवलत आहे, आपल्या फेट्याला नाही. हेल्मेटवर गजरा माळता येतो, त्यावर हौसेने गुढी रंगविता येते. नऊवारीला माझा विरोध नाही. कासोटा घातलेले लुगडे गाडीवर सोयीचेच. मात्र पदर खोचलेला आणि पिनांनी पक्का केलेला असावा. दुचाकीच्या मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकलेला असावा असा सरकारी नियम आहे, तो कपडे चाकात जाऊ नयेत म्हणूनच. ती जाळी शोभेची नव्हे, आणि काढून ठेवलेली असल्यास पुन्हा बसवून घ्यावी. आदल्या रविवारी सर्वांनी मैदानात तासभर सराव करावा. निघण्यापूर्वी पेट्रोल, हवा व ब्रेक पाहावे.

आणि शेजाऱ्यांचाही विचार व्हावा. पहाटे सहाला विनाकारण हॉर्न वाजविणे म्हणजे उत्सव नव्हे. गल्लीत तान्ही मुले आहेत, आजारी म्हातारी माणसे आहेत. रुग्णवाहिका आली तर गटागटांमधल्या जागेतून तिला वाट मिळाली पाहिजे. फुटपाथवर उभ्या राहिलेल्या मनुष्याला आपण गेल्यावर बरे वाटले पाहिजे, ‘गेल्या एकदाच्या!’ असे नव्हे.

ज्येष्ठ भगिनींना एवढेच सांगेन की, प्रदर्शनाचा आरोप गणवेशाने पुसला जात नाही तसा नऊवारीनेही लागत नाही. तो आपल्या वागण्याने लागतो किंवा पुसला जातो. आणि तरुण भगिनींना सांगेन की, पुढे कोण राहणार यावरून भांडू नका. शेवटी कोण राहणार, ते नाव आधी लिहा.

पुढच्या बैठकीत नावनोंदणीची वही ठेवली जाईल. निघताना जितक्या नावांवर खूण होईल, तितक्याच नावांवर परत आल्यावर खूण झाली पाहिजे, आणि ती होईपर्यंत श्रीखंडाचे पातेले उघडू नये. ती वही सांभाळण्याचे काम मी मागून घेत आहे. मला आता गाडी झेपत नाही. पण शेवटच्या गाडीवर, पाठराखिणीच्या मागे, हेल्मेट घालून मी बसेन.